भीतीचं ठिकाण

माझं नाव रमाकांत तोरस्कर. नोकरी सरकारी, काम भीती मोजण्याचं. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि लोक हसतात. पूर्वी मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी, आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. तो बुडाला आणि त्याच्या शेडमध्ये सरकारने छावणी उघडली. छावणीत मिरांद बेटावरची माणसं होती. दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाने आपल्याकडची गरीब माणसं बोटीत भरून उसाच्या मळ्यांवर नेली, त्यातली काही मिरांदला उतरवली. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं तिथे मालवणीच बोलत राहिली, देवापुढे नारळ ठेवत राहिली. मग तिथे नवी राजवट आली आणि तिने ठरवलं की ही माणसं बेटाची नव्हेत. आधी ऊस पेटला, मग घरं, मग माणसं. जी वाचली ती मिळेल त्या बोटीने थेट आमच्या किनाऱ्याला लागली, कारण म्हाताऱ्यांच्या गोष्टींतलं गाव इथेच कुठेतरी होतं.

आमच्या गावाने त्यांना गूळपाणी दिलं, जुने कपडे दिले, रडूनही घेतलं. मग हळूच विचारायला सुरुवात केली, ही जाणार कधी? तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, ही म्हण आमच्याकडे नुसती म्हणायची नसते.

कायदा समजायला अवघड नाही. समजा, एक माणूस धावत तुमच्या पडवीत शिरला. बाहेर वाघ आहे म्हणाला, आणि वाघ खरंच आहे हे तुम्हाला पटलं, तर तो शरणार्थी. त्याला वाघापुढे ढकलायचं नाही, जगभरच्या कायद्यात ते बसत नाही. वाघ आहे असं तो म्हणतोय पण तुमचं अजून ठरत नाही, तोवर तो आश्रयार्थी. त्याने पडवीतच बसायचं. आणि वाघबिघ काही नाही, घरी भागत नव्हतं, तुमच्याकडे काम मिळेल म्हणून आला, तर तो स्थलांतरित. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझा सख्खा भाऊ तसाच मस्कतला गेलाय. फक्त, स्थलांतरिताला परत पाठवता येतं, कारण त्याचं घर त्याला खायला उठलेलं नसतं. आणि वाघही कुठलाही चालत नाही. तुझा धर्म, तुझा वंश, तुझं मत, तू अमक्या लोकांतला, म्हणून अंगावर आलेला वाघच लागतो. पुराचा किंवा दुष्काळाचा वाघ कायद्याला दिसत नाही.

छावणीत याच्या मनगटपट्ट्या होत्या. आश्रयार्थ्याला पिवळी, शरणार्थ्याला हिरवी, स्थलांतरिताला पांढरी. पिवळी घालून सगळे आत येत. पांढरी मिळालेल्यांची बोट धक्क्यावरून मिरांदला जाई. त्या बोटीने गेलेल्या एकाही माणसाचा पुन्हा फोन आला नव्हता.

वाघ आहे की नाही, हे पूर्वी अधिकारी प्रश्न विचारून ठरवत. खरं भोगलेला माणूस अडखळे, तारखा चुके, मध्येच गप्प होई. पढवून आलेला घडाघडा बोले. अडखळणारे परत जात आणि घडाघडा बोलणारे आपल्याकडे दुकानं थाटत. म्हणून टोप आला. सरकारी नाव लांबलचक होतं, पण डोक्यावर घालायचा तो टोप, एवढं सगळ्यांना पुरत असे.

मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते. जिवावर बेतलेला प्रसंग आठवला की ती गाठ पेटते. तिच्या शेजारी आपल्या फिरण्या-राहण्याचा नकाशा जपणारा भाग असतो. भीती पेटली की नकाशातली ती जागाही पेटते, म्हणजे जिथे जीव घाबरला ती जागा. टोप या दोन गोष्टी वाचतो. भीती किती, ती झाली मात्रा. भीती कुठली, ते झालं ठिकाण. समोर माणसाच्या देशाची दृश्यं दाखवायची, आवाज ऐकवायचे आणि टोपाने वाचायचं. तोंड खोटं बोलतं, गाठ बोलत नाही. निकाल माझ्या पडद्यावर उमटायच्या आधी दिल्लीत पोचलेला असे, त्यामुळे वशिला नाही, लाच नाही, दया नाही. मला ते यंत्र फार आवडायचं. आयुष्यात प्रथमच काहीतरी सरळ चाललंय असं वाटायचं.

माझी बायको मृदुला त्याच छावणीत समुपदेशक होती. मी भीती मोजायचो, ती भीती उतरवायची. या दोन कामांचं आपसात काही नातं असेल, हे एका घरात राहून, एका ताटलीतले पोहे खाऊन आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मृदुला माहेरची घाडी. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारं घराणं. बेटावरून आलेल्या एका बाईने नाव सांगितलं, ‘सत्यभामा जगन्नाथ घाडी’, तेव्हा मृदुलाने हातातलं पेन खाली ठेवलं आणि तिला मिठीच मारली. कुठल्या पिढीतलं कोण कुणाचं, याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. पण त्या दिवसापासून मृदुला तिची ‘ताय’ झाली.

सत्यभामा पस्तिशीची, काटक, स्पष्ट बोलणारी. तिचा नवरा जगन्नाथ शाळामास्तर होता. राजवटीच्या माणसांनी त्याला शाळेतच कोंडून शाळा पेटवली. सत्यभामा उसात लपली होती. कडेवर मुलगी होती, आणि मुलीचं तोंड तिने हाताने दाबून धरलं होतं. मुलीचं नाव मैना. आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची असेल. काडी ओढल्याचा आवाज आला तरी ती टेबलाखाली जायची. छावणीच्या स्वयंपाकघराकडे तर ती फिरकतच नसे, तिचा भात आई बाहेर आणून भरवायची. आई स्वतः रात्रभर भिंतीला टेकून जागी बसे. सगळ्या मोठ्या माणसांचं थोडंफार तसंच होतं.

एक दिवस सत्यभामा मृदुलाच्या खोलीत आली.

‘‘ताय, आमका एक झाड होया.’’

‘‘झाड? कशाला गं?’’

‘‘गाऱ्हाणा घालूक. बेटार आमी दर सोमवारी घालीत होताव. आता घाड्यांचो एकय बापयो ऱ्हवलो नाय. मी घालतंय. देव काय मिश्यो बगता?’’

मृदुला हसली आणि साहेबांकडून परवानगी काढून आली. कारखान्याच्या मागे एक पिंपळ होता, त्याच्याखाली दगड मांडला. पहिल्या सोमवारी मीही गेलो, मोठ्या कौतुकाने. सत्यभामा पदर खोचून उभी राहिली, हातात नारळ घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’ मागे बसलेली माणसं एका आवाजात बोलली.

‘‘आज तुझी लेकरां तुझ्या मुळाच्या मुलखात इली असत, म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

‘‘माझ्या घोवाक शाळेत कोंडून जाळल्यानी, म्हाराजा! तेची किंकाळी माझ्या कानात असा. ती मी आता तुझ्या पायार ठेवतंय. ती तू घे आणि माका मोकळी कर, म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

मृदुलाचाही आवाज त्यात होता, माझाही. एकेक जण उठत होता, आपल्यावर काय गुदरलं ते सत्यभामेच्या कानात सांगत होता, आणि ती ते खड्या आवाजात देवाच्या पायावर घालत होती. मुलांना मात्र लांब, शेडमध्ये ठेवलं होतं. मेलेल्यांचं गाऱ्हाणं पोरांनी ऐकायचं नाही, असा बेटावरचा दंडक. ‘‘पोरांनी आयकूचा नसता. तेंच्या मागे लागता,’’ सत्यभामा म्हणाली.

पावसाळाभर हे चाललं. आणि काय सांगू, माणसं झोपायला लागली. भिंतीला टेकून बसणारी सत्यभामा घोरायला लागली. मृदुला हरखून गेली होती. चहा पिताना मला समजावून सांगायची. ‘‘आठवण म्हणजे कपाटात ठेवलेलं भांडं नसतं रे. ती दर वेळी नव्याने थापावी लागते, भाकरीसारखी. बाहेर काढली की काही तास ती ओली असते. त्या ओल्या वेळात आजूबाजूला आपली माणसं असतील, कुणी ‘होय होय’ म्हणून भार उचलत असेल, तर तिच्यातली भीती निघून जाते. प्रसंग राहतो, दुःख राहतं, भीती जाते. आम्ही विद्यापीठात यासाठी गोळ्या देतो, आणि माझे आजोबा ते नारळावर करत होते!’’

मी म्हणालो, ‘‘छान.’’ यंत्रवाला नवरा. छान म्हणून मी दुसरा चहा मागितला.

गुढीपाडवा झाला आणि चाचण्यांचा हुकूम आला. आदल्या सोमवारी गाऱ्हाणं झालं ते तर दणक्यात झालं. टोपात आपलं खरं दिसू दे, म्हाराजा. होय म्हाराजा.

सत्यभामा माझ्यासमोर खुर्चीत बसली. टोप घालताना म्हणाली, ‘‘भावोजी, केस उपटू नकात.’’ मी दृश्यं सुरू केली. मिरांदचा धक्का. ऊस. जळणारा ऊस. शाळा, नंतर शाळेची काळी भिंत. जाळाचा आवाज, माणसांचा ओरडा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ‘‘मास्तर,’’ एवढंच ती म्हणाली. आणि मात्रेची रेघ ताटातल्या पाण्यासारखी सपाट होती. मी तारा पाहिल्या, टोप पुन्हा बसवला, दृश्यं पुन्हा दाखवली. ती पुन्हा रडली, रेघ पुन्हा सपाट. टोपाला भीती मोजता येत होती, दुःख त्याला शिकवलेलंच नव्हतं.

त्या दिवशी मोठी माणसं झाडून सगळी पांढरी झाली.

मग मुलं. मैनेला मी मांडीवर घेऊन टोप घातला. दृश्य सुरू व्हायच्या आधी फक्त जाळाचा आवाज आला आणि रेघ पडद्याच्या वर निघून गेली. ठिकाण लखलखीत: मिरांद. माझी मांडी ओली झाली. पोरीला पांढरं फटक पडलेलं पाहून मी यंत्र बंद केलं. तिला हिरवी पट्टी मिळाली.

निर्णय-अधिकारी देवस्थळी साहेब सज्जन माणूस. कधी आवाज चढवणार नाहीत, शिपायालाही ‘अहो’ म्हणतील. मृदुला त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी तिला बसायला सांगितलं.

‘‘आई स्थलांतरित, मुलगी शरणार्थी. क्वचित होतं असं, पण नियमात बसतं.’’

‘‘साहेब, सहा वर्षांची पोर आहे. आईपासून तोडणार तुम्ही तिला?’’

‘‘छे, आपण कशाला तोडू? आईने खुशाल मुलीला बरोबर न्यावं.’’ मग त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘पण नाही, तेही जमणार नाही. शरणार्थ्याला भयाच्या ठिकाणी पाठवायला कायद्याची बंदी आहे. मुलीचं रक्षण करायलाच हवं. ती इथे राहील, आई जाईल. मला फार वाईट वाटतं बरं का.’’

‘‘तिच्या नवऱ्याला जाळलंय हो!’’

‘‘त्याबद्दल शंका नाही. पण कायदा म्हणतो भय. ‘घडलं’ असं म्हणत नाही. भय उरलेलं नसेल तर परत जायला हरकत काय? बऱ्या झालेल्या माणसाला आपण इस्पितळात ठेवतो का?’’ मग ते हळूच म्हणाले, ‘‘एक फेरचाचणी मिळते. करून घ्या.’’

घरी मृदुला ओट्याशी उभी होती, भाजी चिरायची सुरी हातात, भाजी नव्हतीच.

‘‘मी त्यांना बरं केलं,’’ ती म्हणाली.

‘‘बरं केलंस म्हणूनच झालं.’’

‘‘हे तू मला आत्ता सांगतोयस? रोज माझ्याकडून ऐकत होतास, भाकरी काय, ओली आठवण काय. त्या टोपाचा सगळा कारभार तुझ्या हातात. तुझी ट्यूब पेटली नाही?’’

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती. त्या दुपारी आम्ही एकमेकांना जितकं बोललो तितकं वीस वर्षांच्या संसारात कधी बोललो नव्हतो. शेवटी दोघंही थकून बसलो आणि कुणीतरी म्हणालं, ‘‘तिला पुन्हा घाबरवलं तर?’’ हे वाक्य आधी कोण बोललं, यावर आमचा अजून वाद आहे.

शास्त्र सोपं होतं. ओल्या आठवणीतून भीती काढता येते, तशी घालताही येते. शाळेची आठवण बाहेर काढायची, आणि ती ओली असतानाच जीव खराखुरा घाबरेल असं काहीतरी करायचं. नाटक चालणार नव्हतं. बदामाएवढी ती गाठ नाटकाला फसत नाही, हे मीच लोकांना अभिमानाने सांगत आलो होतो.

मृदुलाने सत्यभामेला विचारलं. न विचारता करायला ती तयार नव्हती. सत्यभामा मैनेची वेणी घालत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

‘‘माका परत तसाच होतला? रातभर जागरण?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी चेडवाबरोबर ऱ्हवतलंय?’’

‘‘हो.’’

‘‘मग कर काय ता. फकत माका आदी सांगू नको, ताय. सांगितलंस तर भय वाटूचा नाय.’’ तिने वेणीला गाठ मारली. ‘‘मोठा काय ता कर. बारीकसारीकाक मी आता भियनंय नाय.’’

चार दिवसांनी मी सत्यभामेच्या नकळत मैनेला होडीतून खाडीपलीकडे माझ्या बहिणीच्या घरी सोडून आलो. पोरगी जाताना खूश होती, बहिणीकडे मांजराची पिल्लं होती. परत येऊन मी छावणीच्या आवारातल्या, जुन्या खोक्यांच्या आणि पेंढ्याच्या शेडमागे उभा राहिलो. मृदुलाने खोलीत सत्यभामेला शाळेचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. खिडकीतून शेड समोरच दिसत होती. सत्यभामा ‘तेची किंकाळी’पर्यंत आली तेव्हा मृदुलाने पडदा बाजूला सारला. ती आमची खूण होती. मी काडी ओढली.

पेंढा काय, दोन मिनिटांत भडकला. सत्यभामेने खिडकीबाहेर पाहिलं.

‘‘ताय, आग!’’

मृदुलाने दाराला आधीच कुलूप लावलं होतं. ती सांगते की तिचा आवाज अगदी रोजचा होता.

‘‘मैना आत आहे,’’ ती म्हणाली.

त्यानंतर त्या खोलीत काय झालं ते मी बाहेरून ऐकलं. दारावर अंग आपटत होतं. खिडकीच्या गजांवर डोकं आपटत होतं. शब्द नव्हते, असलेच तर मला कळले नाहीत. मृदुलाने तिला धरून ठेवलं आणि सत्यभामेने तिच्या मनगटाचा लचका तोडला. शेडचं छप्पर खाली बसेपर्यंत मृदुलाने दार उघडलं नाही. मग तिने खरं सांगितलं आणि बहिणीच्या घरी फोन लावून दिला. पलीकडून मैना मांजरांबद्दल बोलत राहिली.

सत्यभामा बराच वेळ जमिनीवर बसून होती. मृदुलाच्या मनगटातून रक्त ठिबकत होतं. सत्यभामेने आपल्या पदराचा काठ फाडून ते बांधलं.

‘‘बरा केलंस,’’ ती म्हणाली. पण मृदुलाच्या डोळ्यांकडे तिने पाहिलं नाही. त्यानंतर ती मृदुलाशी एका खोलीत कधी बसली नाही. सोमवारीही पिंपळाखाली आली नाही. रात्री भिंतीला टेकून जागी बसू लागली. आम्हाला वाटलं, जमलं. माणूस जागा बसलेला पाहून नवरा-बायकोने आनंद मानायचा, इतके आम्ही खाली गेलो होतो.

फेरचाचणीला टोप घालताना सत्यभामा केसांबद्दल काही बोलली नाही. मिरांदचा धक्का, ऊस, शाळा. रेघ सपाट. मग जाळाचा आवाज सुरू झाला आणि रेघ सरसर वर चढली, मैनेच्याही वर. मी खुर्चीतच जवळजवळ उडी मारली. ‘मात्रा: तीव्र.’ सत्यभामेचे दात वाजत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

मग ठिकाण उमटलं.

पडद्यावरच्या नकाशात पेटलेली जागा मिरांदची नव्हती. तिच्या मेंदूत खिडकी होती, गज होते, आवार होतं, पलीकडे खाडी होती. जुनी आठवण तिने देवाच्या पायावर इतकी निगुतीने ठेवली होती की नवी भीती तिला चिकटलीच नाही. तिने आपली वेगळी जागा केली होती. ‘ठिकाण: भारत.’ तोवर ते दिल्लीत पोचलं होतं.

देवस्थळी साहेबांनी निकाल दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर कणव होती.

‘‘बाईंना भय आहे, तीव्र आहे. पण ते आपल्या देशाचं आहे. त्या भारतातून पळाल्या असत्या तर दुसऱ्या कुठल्याही देशाने त्यांना हिरवी पट्टी दिली असती. आपण कशी देणार? उलट त्यांना इथे ठेवणं म्हणजेच भयाच्या ठिकाणी ठेवणं. तोरस्कर, माणुसकीच्या दृष्टीनेही त्यांना लवकर पाठवायला हवं.’’

मृदुलाने सगळं कबूल केलं. ‘‘आग आम्ही लावली, दार मी बंद केलं, मला शिक्षा करा,’’ म्हणाली. साहेबांनी तिला पाणी दिलं. म्हणाले, ‘‘बाई, मी हे ऐकलं नाही. तुम्ही दोघं तुरुंगात गेलात तर त्या मुलीला कोण घेणार?’’

बोट सकाळी लागली. धक्क्यावर पांढऱ्या पट्ट्यांची रांग होती. मैनेला वाटत होतं की आई बेटावर जाऊन वडिलांचं सामान घेऊन येणार आहे, सत्यभामेनेच तसं सांगितलं होतं. तिने पोरीच्या वेणीवरून हात फिरवला आणि तिला माझ्याकडे दिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मृदुलाच्या समोर येऊन उभी राहिली. मृदुला जवळ आली की ती मागे सरकायची, ते आम्हीच केलं होतं.

‘‘ताय, एक सांगतंय. चेडवाचा भय घालवू नको.’’

मृदुला रडत होती.

‘‘आयकतंस मा? दोन वर्सांनी तेका परत टोप घालतले. भय नाय दिसला तर तेकाय धाडतले. तेका गाऱ्हाण्याक बसवू नको. रातची किंचाळली तर कुशीत घेव नको. आगीक भियाक होया तां.’’ तिने मान खाली घातली. ‘‘तुका येता भय घालूक. तू माज्या चेडवाक भिववून ठेव.’’

बोट मिरांदला पोचल्याची पावती आली. त्यानंतर काहीच आलं नाही.

मैना आमच्याकडे वाढली. मूल नसलेल्या घरात मूल आलं, लोकांनी पेढे मागितले. पहिलं वर्ष सोपं गेलं, म्हणजे पोरगी रोज किंचाळायची. मृदुला पलंगाच्या कडेला बसून आपलेच हात मांडीखाली दाबून धरायची. दिव्याला काडी लावायची झाली की आम्ही तिच्यासमोर लावायचो. तिचं अंग आक्रसायचं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून मान हलवायचो. एकदा मला राहवलं नाही, मी तिला थोपटलं. मृदुला आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण मुलांची जात चिवट. तिला शाळेत मैत्रिणी झाल्या. मैत्रिणींना आम्ही काय सांगणार होतो?

दुसरं वर्ष सरत आलं, शिमगा आला. आमच्या गावचा होम सकाळी लागतो. आम्ही मैनेला मुद्दाम घेऊन गेलो. चाचणी महिन्यावर आली होती आणि एवढा मोठा जाळ वर्षातून एकदाच मिळतो. ढोल वाजले, होम पेटला, लोकांनी जाळात नारळ टाकले. पोरं काठ्यांनी नारळ ओढून काढायला धावली. मैना माझा हात धरून उभी होती. तिच्या तळव्याला घाम होता आणि मला बरं वाटत होतं.

मग मैत्रिणीने हाक मारली. मैनेने माझा हात सोडला. ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि एकदम पोरांच्या घोळक्यात शिरली. जाळाच्या कडेने काठी घातली, करपलेला नारळ बाहेर ओढला, दगडावर आपटला. गावाला तिची हकिगत माहीत होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने डोळे पुसले. मैना हसत होती. तिचं हसणं असं असतं, हे मला तेव्हा कळलं.

ती धावत आमच्याकडे आली. तोंडाला काजळी, हातात ऊन ऊन खोबरं.

‘‘बाबा, बगा! माका भय नाय वाटला!’’

त्याआधी तिने मला कधी बाबा म्हटलं नव्हतं. मृदुलाचा चेहरा उतरला होता. तिने माझी बाही धरली.

‘‘आज नको रे. आज तरी नको.’’

पण आठवण आत्ताच ओली होती, आणि ते मला मृदुलानेच शिकवलं होतं. मी मैनेपुढे उकिडवा बसलो. तिने माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला. तो मी चावला, गिळला.

‘‘मैना,’’ मी म्हणालो, ‘‘बेटावरच्या शाळेला आग लागली होती तेव्हा तुझे बाबा कसे ओरडले होते? सांग बघू मला. पहिल्यापासून सांग.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मग होमाकडे पाहिलं. हसू अजून तोंडावर होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

‘‘आणि आई आता कुठे आहे, माहीत आहे ना?’’ मी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले आणि तोंड होमाकडे वळवलं. ‘‘तिथेच. मिरांदला. त्याच उसात, त्याच शाळेपाशी, एकटी.’’

या वेळी मला ठिकाण चुकवून चालणार नव्हतं.